भागीरथीबायचे थेंब

बाबली माडावर असला की बडबड्या आणि जमिनीवर असला की मुका, हे मुळगावात सगळ्यांना ठाऊक. नारळ पाडणाऱ्याला आमच्याकडे पाडेली म्हणतात. हा पाडेली तरुणपणी दोडामार्गाकडून आला आणि इथेच राहिला. लग्न केलं नाही. भाड्याच्या खोलीत सोबतीला एक रेडिओ, तोही थापट मारल्याशिवाय बोलत नाही.

पण एकदा का शेंड्यात जाऊन बसला की अख्ख्या वाड्याची, म्हणजे आमच्या वस्तीची, चौकशी. "योगेशा, तुझ्या बापाशीचो गुडघो कसो आसा रे?" बाबा अंगणातून उत्तर देईपर्यंत दोन नारळ धप्पकन खाली. उतरल्यावर मात्र पाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि मान हलवून चालू पडायचं. आम्ही म्हणायचो, ह्याच्या तोंडाला रेंज फक्त उंचावर मिळते.

चतुर्थीच्या आधी सगळ्यांनाच नारळ हवे असतात. त्या घाईत सुकं चुडत, म्हणजे वाळलेली झावळी, ओढताना बाबलीच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. त्याने डोळा चोळला आणि पुढचा माड गाठला. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक, पाणी थांबेना.

शेजारची भागीरथीबाय विधवा, एकटी. लेक स्वाती लग्न होऊन वास्कोला. बायचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर घालायच्या थेंबांची बाटली उरली होती. वाड्यात कुणाचं उरलेलं औषध वाया गेलेलं मला आठवत नाही. लोणच्यासारखं ते ह्या घरातून त्या घरात जातं.

"हे थेंब घालून म्हाका तुळशीवयली मुंगी दिसूंक लागली," बाय म्हणाली. "बस हांगा."

तिने अंगठ्याने पापणी वर केली आणि थेंब सोडला. दोन-तीन दिवसांत लाली उतरली. बाटली बायने त्यालाच देऊन टाकली, तरी थेंब घालून घ्यायला बाबली रोज संध्याकाळी तिच्या पायरीवर जाऊ लागला. थेंब पडला की चहा, चहात बुडवायला उंडो पाव, आणि स्वातीच्या सासूच्या गोष्टी. बाय बोलायची, हा डोळा मिटून ऐकायचा.

"आता कसां दिसता?" ती विचारायची.

"बरां आसा, बाय."

बरं काही नव्हतं. उजेड सुईसारखा टोचायचा, त्या डोळ्यापुढे धुकं दाटलं होतं. पण हे सांगितलं असतं तर थेंब थांबले असते. थेंब थांबले असते तर पायरीवर बसायला निमित्त काय उरलं असतं?

मला कळलं ते आमच्या माडाखाली. बाबली वर चढला आणि कुणाच्या गुडघ्याची चौकशीच करेना. कोयता उगारला तो नारळाला लागला नाही, हवेत गेला. मी ओरडलो, "बाबलीमामा, खाली उतर आधी!" उतरल्यावर पाहिलं, तर काळ्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.

त्याला स्कूटरवर घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळा रंग सोडला आणि निळा उजेड टाकला, तशी जखम हिरवी चमकली. मग तिथला कण खरवडून काचेवर घेतला आणि तपासायला धाडला.

"बुरशी आहे," त्या नंतर म्हणाल्या. "झाडापाल्याचं काही लागलं की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात अशी रुजते. आधी कुठले थेंब घालत होता?"

मी रस्त्यात त्याच्याकडून मागून घेतलेली बाटली पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरून औषधाचं नाव वाचलं.

"ह्यात स्टेरॉईड आहे. ह्याने लाली जाते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. कुणी दिले हे?"

"मीच इकत घेतलंय," बाबली म्हणाला. परत येताना स्कूटरवर तो एवढंच बोलला, "बायक सांगू नको."

मी नाही सांगितलं. मी फक्त आईला सांगितलं. आमच्या घरात गुपित चहा उकळेपर्यंत टिकतं. दुसऱ्याच दिवशी बायने दार लावून घेतलं.

मग बुरशीवरचे थेंब, रात्रीसुद्धा गजर लावून तासातासाला. आरसा भिंतीला टेकवून बाबली स्वतःच घालायला शिकला. काही आठवड्यांनी जखम भरली, पण बुबुळावर पांढरं फूल पडलं ते राहिलंच. पुढे कुणी मेल्यावर डोळे दिले तर त्यातला पडदा बसवता येईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तोवर माड बंद. एका डोळ्याने अंतर कळत नाही. आता आमचे नारळ बेळगावचा एक पोरगा पाडतो. कानात इअरफोन असतात, त्याला कुणाच्या गुडघ्याचं काही नाही.

परवा संध्याकाळी बाबली हॉस्पिटलातल्या, अजून चालू असलेल्या थेंबांची बाटली घेऊन बायच्या पायरीवर बसलेला दिसला.

"बाय, येक थेंब घाल गे. माझो हात कापता."

हात अजिबात कापत नव्हता. मी कुंपणापलीकडून बघत होतो.

"म्हज्या हातान नाका," आतून आवाज आला. दार उघडलं नाही.

बाबलीने मान मागे टाकली, स्वतःच थेंब घातला आणि सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून बसला. मग डोळे मिटलेले असतानाच, माडाच्या शेंड्यात बसल्यासारखा तो मोठ्याने ओरडला, "बाय! स्वातीच्या सासूचां काय जालां गे मगे?"

आत टीव्हीचा आवाज हळू झाला.