तात्यांचा बांध

तात्या हसत नसत. हिर्डोशीच्या थांब्यावर त्यांचा चेहरा असा कोरा असायचा, की नव्या माणसाला वाटावं, म्हातारा कुणावर तरी चिडून घराबाहेर पडलाय. आणि त्याच कोऱ्या चेहऱ्यानं ते असं काही बोलून जात, की अर्धी गाडी हसे. मी एकदा म्हटलं, "तात्या, स्वतः तरी हसा की!" तर म्हणाले, "हसतुयच की बाय. तुमाला दिसत न्हाई, त्याला म्या काय करू?"

आमची पहिली भेट मात्र हसण्यासारखी नव्हती. मी भोर-हिर्डोशी गाडीवर कंडक्टर म्हणून नवीन होते, आणि नव्या कंडक्टरला असतो तेवढा तोरा मला होता. सकाळची गाडी. सगळे चढले, हा एक म्हातारा दारापाशी उभा. हात थरथरतोय, अंग पुढं झुकलंय, पाय मात्र जागचा हलत नाही. मी दोनदा हाक मारली. तो काहीतरी पुटपुटला, ते ऐकूच आलं नाही. मला वाटलं, सकाळी सकाळीच टाकून आलाय. "उतरली की या संध्याकाळच्या गाडीनं," असं सगळ्यांदेखत सुनावलं आणि डबल बेल दिली. गाडीत दोघंचौघं हसलेही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उभे होते. सोबत त्यांची बायको, सखूमावशी. त्या भांडणार म्हणून मी तयारीतच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तात्यांच्या हातातली काठी घेतली, त्यांच्या पायांपुढं जमिनीवर आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "अवं, बांध आलाय." आणि काय सांगू, खिळल्यासारखा झालेला तो पाय ऐटीत उचलला गेला, काठी ओलांडली, दुसरा थेट पायरीवर. जन्मभर भातखाचरांचे बांध ओलांडलेला माणूस तो. घराच्या दारात, गाडीच्या दारात अडायचा. खाचरांतून मात्र बांधामागून बांध चालत जायचा. त्यामुळे गावातही काहीजण म्हणत, म्हातारा सोंग करतोय.

गाडी सुटल्यावर मावशींनी सांगितलं, तात्यांच्या गोळ्या संपल्या होत्या आणि त्याच आणायला ते आदल्या दिवशी भोरला निघाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तात्यांची माफी मागितली. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुजी बेल वाजती तरी. माजी वाजंना झालीया." तात्यांना झालेला पार्किन्सन म्हणजे काय, हे मला त्या वाटेवर कळलं. मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य बनतं. ते बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. चालायचं माणूस ठरवतो, पायांत ताकदही असते, पण 'आता निघा' हा इशाराच वेळेवर मिळत नाही. मग हालचाल मंदावते, अंग ताठरतं, आवाज बारीक होतो, चेहऱ्यावर हसू उमटत नाही, हात नुसता ठेवला तरी कापतो. डोळ्यांना समोर ओलांडण्यासारखं काही दिसलं, तर तोच पाय कधीकधी दुसऱ्या वाटेनं हुकूम मिळवतो. डॉक्टरांनी समजावलेलं हे सगळं तात्या आपल्या भाषेत सांगत, "डोस्क्यातला कंडक्टर रजेवर गेलाय. डायवर हाय, डिझेल हाय. बेल कोन देनार?"

पुढं दर महिन्याला ते एकटेच येऊ लागले. एकदा घाईत एका तगड्या गड्यानं त्यांना काखेत हात घालून वर घेतलं. त्याचा हेतू चांगलाच होता. पण भोरला उतरताना तात्या मला म्हणाले, "बाय, वाट बघा, शिव्या द्या, पर उचलू नगा. भाताचं पोतं न्हाई मी." त्यानंतर मी पायरीच्या काठाला पांढरी चिकटपट्टी लावली आणि स्वतः खाली उतरून काठी आडवी ठेवायला लागले. आमचे ड्रायव्हर आधी कुरकुरले, मग तेच खिडकीतून ओरडू लागले, "तात्या, बांध!" एखादा नोकरदार घड्याळ बघे. तात्या त्याला म्हणत, "सायेब, म्या लई घाईत हाय, माजा पाय न्हाई."

हळूहळू गोळीचा असर लवकर उतरू लागला. तात्या थांब्यावर दिसेनासे झाले. गोळ्या मीच भोरहून आणून मावशींच्या हाती देत असे, आणि तात्या बरे आहेत ना, एवढंच विचारत असे. एकदा घरी जाऊन बसायला हवं होतं. ते राहिलंच.

यंदा भात पोटरीत आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या होत्या, तेव्हा ते गेले. मी रजा टाकून गेले. स्मशानाची वाट खाचरांतून होती. कधी उचलू न देणाऱ्या माणसाला चौघांनी उचललं, ते मला बघवेना. अंगणालगतच्या पहिल्याच बांधापाशी चिखल होता, म्हणून खांदेकरी थबकले. अंगणाच्या कडेला बायकांत उभ्या असलेल्या सखूमावशींनी रोजच्याच आवाजात हाक दिली, "अवं, बांध आलाय."

चौघांनी पाय उचलले आणि तात्या बांध ओलांडून पलीकडे गेले.