तळघराची वेगळी डबी

बायकोच्या फुफ्फुसात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांपासून सख्ख्या मेव्हण्यापर्यंत प्रत्येकाने मला एकच विचारलं, "तुम्ही सिगरेट ओढता?" मी आयुष्यात साधी विडी पेटवलेली नाही. पण माझा आवाज चढा, त्यामुळे कुणाला खरं वाटत नाही.

पहाडगंजात आमचं पानिपतच्या चादरींचं दुकान आहे. रिकाम्या हाताने दिल्लीत येऊन उभं केलेलं. वर आमचं घर, खाली तळघरात माल. गिऱ्हाइकाशी घासाघीस मी करायचो, पण माल उलगडून दाखवायची ती, दिवसभर तळघरात बसून. धूळ येऊ नये म्हणून तिथले झरोके जुन्या चादरी कोंबून बंद केलेले. आमच्या गल्लीत सगळेच करतात.

तिचे उपचार संपत आले तेव्हा संशोधन करणारी एक मुलगी आली. म्हणाली, जमिनीतून रेडॉन नावाचा वायू येतो, वास नाही, रंग नाही, बंद जागेत साठतो, फुफ्फुसाला घातक. तिने तो मोजणारी एक डबी बेडरूममध्ये टांगली, एक हॉलमध्ये. काही महिन्यांनी सांगितलं, घराची सरासरी मर्यादेत आहे.

बायको खूश. आजार निघाल्यापासून तिने खाली बसू नये म्हणून तळघराची किल्ली मी ठेवून घेतली होती. "ऐकलंत ना? द्या आता तळघराची किल्ली."

माझं डोकं फिरलं. "अहो मॅडम, ती वर फक्त झोपते! तळघर का नाही मोजलं?"

"अंकलजी, नियमाप्रमाणे राहतं घरच मोजायचं असतं."

"पानिपतवाले चादरींच्या गाठीत वरवर चांगला माल लावतात. मी गाठ मधून फोडल्याशिवाय घेत नाही. तुम्ही न फोडताच पास केलीत?"

बरंच भांडल्यावर तिसरी डबी मिळाली. झरोके होते तसेच बंद ठेवायला तिने सांगितलं. तेवढे महिने मी किल्ली खिशात ठेवली आणि घरात रोज शिव्या खाल्ल्या.

निकाल आला. तिन्ही डब्यांची सरासरी पुन्हा मर्यादेत. मी म्हटलं, सरासरी तुमच्याकडे ठेवा, तळघराचा आकडा सांगा. तो मर्यादेच्या बराच वर होता.

"मग हिला यानेच झालं?"

"एका माणसाबद्दल ते सांगता येत नाही. शिवाय हे यंदाचं माप, मागच्या वर्षांचं नाही."

"आणि तुमच्या अभ्यासात ही कुठे बसणार?"

"घराच्याच आकड्यात. कमी रेडॉनच्या घरातली रुग्ण म्हणून. अशाने धोका असतो त्यापेक्षा कमी दिसतो, अंकलजी. आम्हाला माहीत आहे."

माहीत आहे! यावर मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

तळघराला मी कायमचं कुलूप घातलं. बायकोला म्हटलं, आता दुकानात बस. "तिथे तुम्ही आहात की ओरडायला," म्हणाली, आणि तेव्हापासून दुकानात पाऊल टाकलं नाही.

शेजारच्या दुकानदाराची बायकोही तळघरातच बसते. मी त्याला झरोके उघडायला सांगितलं, तर तो हसला. "भाईसाहब, आपके घर का नंबर तो ठीक आया है. भाभीजी पूरी गली को बता चुकी हैं."