पाय थांबू न देणारी सायकल

प्रमिलाचा हात कशानं मोडला, हे आमच्या गिट्टीखदान मोहल्ल्यात कुणालाही विचारा. सायकलवरून पडली, म्हणतील. बरोबर आहे. पण ते अर्धंच. उरलेलं अर्धं इतकी वर्षं माझ्या एकटीपाशी आहे — आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही, ऑफिसात जिच्या डब्यातलं रोज खाल्लं तिलाही नाही. आज तुम्हाला सांगते. आजच काहून, असं विचारू नका. वाटलं म्हणून.

आणि एक आधीच सांगून ठेवते — मी रडगाणं गायला बसलेली नाही. माझ्यासाठी रुमाल काढू नका.

आधी सायकलचं सांगते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मैदानात सायकलवाले यायचे. आठ-आठ दिवस सायकलवरून खाली न उतरता माणूस गोल गोल फिरायचा, तिच्यावरच जेवायचा, तिच्यावरच दाढी करायचा. भोंग्यावर सिनेमाची गाणी लागायची आणि लोक त्याच्या सदऱ्याला नोटा टोचायचे. आमच्याकडे आला होता त्याची बायकोही कसरती करायची. हात सोडून सायकल उलटी चालवायची — म्हणजे खरोखर मागे मागे. मुक्काम हलवताना त्यांनी तिची सायकल विकायला काढली. लाल रंगाची, लेडीज, आणि नव्या सायकलच्या मानानं मातीमोल. तो म्हणाला, "बाई, ही आगे भी चलती, पीछे भी." मला वाटलं — आता काय लपवायचं — मला वाटलं, एकीच्या भावात दोन मिळाल्या. मागे जायचं काम मला जन्मात कधी पडणार होतं, हे काही डोक्यात आलं नाही.

बाबा म्हणाले, "सर्कशीचा माल घरात आणू नको वं." मी आणला. शिकवण्यांच्या पैशानं आणला, कुणाकडे हात पसरला नाही.

साध्या सायकलचे पाय थांबवले की चाक टिकटिक करत आपलं पुढे जातं, हे तुम्हाला माहीतच आहे. माझी सायकल टिकटिक करत नव्हती. तिला ती फ्री-व्हीलच नव्हती. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, म्हणजे तुमचे पाय फिरणार, तुमची इच्छा असो की नसो. पहिल्याच दिवशी सवयीनं पाय थांबवले तर पायडलनं असा हिसका दिला की मी सीटवरून उडाले. पातळाचा काठ साखळीत गेला तर पाय थांबवून सोडवायची सोय नाही — दोन चांगली पातळं तिनं खाल्ली. वळणावर आतलं पायडल जमिनीला घासायचं. ब्रेक एकच, पुढचा, तोही नावाचा. नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. आई विचारायची तर मी सांगायची, पलंगाला लागलं.

खोटं काहून बोलले? कारण मोहल्लाभर सांगून बसले होते ना, की सायकल मक्खन आहे. बाबांना कुठल्या तोंडानं सांगणार होते? दुरुस्तीलाही आमच्या चौकात गेले नाही, थेट सदरला गेले. तिथला सायकलवाला मिस्त्री म्हणाला, नवीन फ्री बसवून घ्या, सुधारेल. नाही बसवली. बसवली असती तर फसले हे कबूल करावं लागलं असतं, आणि फसणं माझ्या स्वभावात नाही. हळूहळू मी तिला वठणीवर आणलं. सपाट रस्त्यावर तर मी तिच्यावर राणीसारखी बसायची. फक्त एक — सेमिनरी हिल्सच्या टेकडीच्या उतारावरून मी तिच्यावर बसून कधी गेले नाही. एकदाही नाही. उतार आला की खाली उतरायची आणि हातात धरून पायी जायची. हे लक्षात ठेवा. मी तर विसरू शकले नाही.

आता प्रमिला. शेजारचं घर, एकच शाळा, एकच टायपिंगचा क्लास. एका मशीनवर दोघी आळीपाळीनं बसायचो. ती माझ्यापेक्षा चांगली होती. थोडी नाही, कितीतरी. तिची बोटं चालायला लागली की मास्तर खुर्चीतून उठून बघायला यायचे. सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत टायपिस्टची जागा निघाली — एकच — आणि दोघींना परीक्षेचं बोलावणं आलं.

मला ती नोकरी हवी होती. का हवी असू नये? स्वतःचा पगार, स्वतःचा दरवाजा. पण प्रमिलाला ती माझ्याहून जास्त हवी होती, आणि हे मला ठाऊक होतं, कारण आमच्या विहिरीपाशी तिनं स्वतःच सांगितलं होतं. उमरेडचं एक स्थळ तिच्या मानेवर येऊन बसलं होतं. माणूस वाईट नव्हता, फक्त तिला नको होता. तिच्या बाबांनी कबूल केलं होतं — नोकरी लागली तर नाही म्हणून कळवतो. नाही लागली तर पुढच्या महिन्यात साखरपुडा.

परीक्षा दोन तुकड्यांत होती. मी सकाळच्या, ती दुपारच्या. सकाळी मी माती खाल्ली. कागद तिरका चढला, घाईत दुसरा लावला, ओळी सुटल्या. सायकल दामटत घरी आले तर प्रमिला दारातच उभी. धुवट पांढरं पातळ, केसांना तेल. सिटी बसचा पत्ता नव्हता.

"तुही सायकल दे ना वं मले," ती म्हणाली. "उशीर होऊन राहिला."

दिली. ती भाड्याच्या साध्या सायकली चालवायची, चांगली चालवायची. हँडल हातात घेऊन तिनं विचारलं — आणि हे तिनं विचारलं, हो — "काही सांगाचं आहे का वं हिच्याबद्दल?"

एवढंच तर बोलायचं होतं. पाय थांबवू नको, उतारावर खाली उतर. किती वेळ लागतो असं बोलायला?

"काही नाही," मी म्हटलं. "मक्खन चालते."

तुम्ही म्हणाल, नाक वर ठेवायचं होतं म्हणून बोललीस, जिभेला सवय लागली होती. अशी पळवाट मला देऊ नका. मी स्वतःला ती बरीच वर्षं दिली, आणि ती खोटी आहे, कारण अजून एक वाक्य मी बोलले. प्रमिला काटोल रोडकडे वळली होती. लांबचा रस्ता, पण सपाट. मी मागून हाक मारली.

"टेकडीवरून जा वं, लवकर पोचशील."

झालं. सांगितलं. हेच ते उरलेलं अर्धं. नाक वर ठेवणारी बाई मक्खन म्हणून गप्प बसली असती. तिला टेकडीकडे वळवणारी बाई दुसरी होती, आणि ती मीच होते. प्रमिला मरावी असं मनात होतं का? नाही. हात मोडावा असं? नाही. ती पोचू नये, एवढंच होतं. पण ते होतं. ती कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी राहिले, मग घरात जाऊन वरण-भात जेवले. भूक लागली होती.

उतारावर पायडलं तिच्या पायांतून सुटली, नडग्यांवर बसली आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट. टायपिस्टचं मनगट. परीक्षा बुडाली. प्लास्टर उतरलं तेव्हा हात जरा वाकडा जुळला होता, आणि साखरपुड्यात तिनं अंगठी त्याच हातानं घातली. जागा मला मिळाली. उरलेल्या सगळ्या माझ्यापेक्षाही वाईट टाइप करणाऱ्या निघाल्या.

आता तुम्हाला वाटेल, ही म्हणणार की त्या पगाराचा घास कधी घशाखाली उतरला नाही. उतरला. चांगला उतरला. मी ती नोकरी इमानेइतबारे केली, कुणाचा शब्द ऐकून घेतला नाही, लग्न केलं नाही कारण करायचं नव्हतं, घर बांधलं आणि दरवाजावर माझं नाव लावलं. दुसऱ्या दिवशी जाऊन साहेबांना सांगता आलं असतं — ही जागा तिची आहे, तिचा हात बरा होईपर्यंत थांबा. नाही सांगितलं. परत तीच वेळ आली तर मी काय करीन? तेही तुम्हाला सांगणार नाही, कारण मला माहीत नाही, आणि खोटं बोलायचा आता कंटाळा आला आहे.

प्रमिला अजून उमरेडहून येते. चहा घेताना वाकड्या मनगटानं कप धरते. तिनं आपल्या एकाही पोरीला सायकलवर बसू दिलं नाही. "आमच्या घराण्याले सायकल जमतच नाही," असं सांगते आणि हसते. पोरी मोठ्या झाल्या, त्यांनाही ते खरं वाटतं. मी समोर बसलेली असते. मीही हसते.

हे ती वाचेल की नाही, माहीत नाही. वाचलं तर वाचू दे. मला तिच्याकडून माफी नको, तुमच्याकडूनही नको.

पण माफीवरून एक सांगायचं राहिलं. पडली त्या संध्याकाळी मी सरकारी दवाखान्यात गेले. ती खाटेवर होती, हात गळ्यात बांधलेला, पांढरं पातळ गुडघ्यापाशी फाटलेलं. मला बघून तिचा चेहरा इतका पडला की मला वाटलं, कळलं हिला. मी दारातच थांबले.

"तुह्या सायकलचं चाक वाकडं केलं वं मी," ती म्हणाली. "मले नीट चालवताच नाही आली. माफ कर. रागावली तं नाही ना?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "जाऊ दे वं," म्हटलं. "केलं माफ." आणि माझ्या पदरानं तिचे डोळे पुसले.