पिंडापुढची मिसरी

अक्का गेल्याची तार संगमनेरला शाळेत आली, तेव्हा मी वर्गावर होते. रडू नंतर आलं. आधी राग आला. तो अजून गेलेला नाही...

माझी ही थोरली बहीण राहुरीजवळच्या खेड्यात दिलेली. तिच्या हातची मिसरी गावात नावाजलेली. खापरावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि दारी आलेल्या बाईपुढं पाण्याआधी डबी करायची. दात दुखला तरी मिसरी, भूक मारायची तरी मिसरी. तिच्या गालात आतून फोड आला तेव्हा त्यावरही तिनं मिसरीच दाबली आणि बरं वाटायची वाट पाहत बसली.

शेवटी तिला मुंबईला नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की तोंडाचा हा कॅन्सर आपल्याकडे जितका दिसतो तितका पुष्कळ परदेशांत दिसत नाही. तिकडच्या बायका तंबाखू तोंडात धरत नाहीत. मला वाटलं, अक्का खचेल. ती उलट ताठ बसली.

"म्हंजी हे नशिबानं आलं न्हाई. मीच भाजलं हाय. मंग बाकीच्या बायांचं टळंल की."

घरी आल्या आल्या तिनं खापर उंबऱ्यावर आपटलं. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका भुकेपोटी मिसरी लावायच्या. त्यांच्यात जाऊन ती पदर बाजूला करून गाल दाखवायची. जीभ अडखळायची, तरी गप्प बसायची नाही. काहीजणी हसल्या, काहींनी डब्या लपवल्या, दोघी-तिघींनी फेकल्या. घरची माणसं म्हणायची, ही चारचौघांत शोभा करते. करत होती, आणि मला तिचा अभिमान वाटत होता.

दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं. अक्काची जाऊ म्हणाली, मिसरीत जीव अडकला असेल, चिमूटभर ठेवा. सगळ्यांना पटलं. एकीनं कमरेची डबी उघडलीसुद्धा. मी आडवी आले.

"जिनं तिला नेलं, ती मी तिच्यापुढं ठेवू देणार नाही."

बरीच कुजबुज झाली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. तिचा जीव कशात अडकला होता ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते डबीत मावणारं नव्हतं...

परवा अक्काच्या घरी गेले होते. त्या खापराचा मोठा तुकडा परसात आहे. अक्काची लेक त्यात कोंबड्यांना पाणी ठेवते. जाऊ ओसरीवरून म्हणाली, मिसरी संपली, शेजारून खापर मागून आण. पोरगी तुकड्यात पाणी ओतत राहिली. जागची हलली नाही.