सोबत कोण हाय?

चिटगुप्प्याच्या बाजारात गुरांची दावी, कासरे विकणारा गुरुबसव खोटारडा होता, पण खोटं एकच बोलायचा. पुण्याहून लेकीचा, पल्लवीचा, रोज सांजच्याला फोन यायचा, "अप्पा, सोबत कोण हाय?" हा म्हणायचा, "हाय की शेजारचा माणिकराव." आता माणिकराव घराला कुलूप लावून कधीच हैदराबादला लेकाकडं गेला होता. घरात हा एकटा. बायको महानंदा जाऊन तीन वर्षं झालेली.

दीड महिन्यामागं त्याची लघवी तुंबली. अडला हरी, धरले डॉक्टरचे पाय. नळी बसली, पिशवी लागली. ती पिशवी धोतराखाली लपवून हा दुकानात बसायचा. लेकीला सांगायचं? छे! असलं बापानं लेकीला सांगतात व्हय?

कलबुर्गीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "एमआरआयच्या मशीनमध्ये निजायचं, आन् नळी काढून तिथंच लघवी करायची. ती वाहताना कुठं अडते ते पडद्यावर सिनेमासारखं दिसेल. गाठ आडवी येत असली तर काढू. पण थेंबही न्हाई आला, तर ही नळी कायमची समजा."

कायमची! बसमध्ये तेवढा एकच शब्द त्याच्या डोक्यात घोळत होता.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात फॉर्म भरायला दिला. "सोबत कोण?" असा रकाना होता. मोकळा सोडायची लाज वाटली, आणि हातानं जुन्या सवयीनं लिहून टाकलं, महानंदा. मशीनवरची नेत्रावती म्हणाली, "अप्पा, गळ्यातली चांदीची डबी आत चालत न्हाई. सोबतच्या बाईंकडं द्या." त्यानं डबीतलं इष्टलिंग पांढऱ्या फडक्यात बांधून गळ्यातच ठेवलं. डबी तिच्या हातात देत म्हणाला, "तुमीच ठिवा. ती चहाला गेलीय."

मग नळीतून पोट टम्म होईस्तोवर पाणी भरलं, नळी काढली, खाली जाड कापड अंथरलं, कानाला हेडफोन लावले आणि त्याला मशीनमध्ये सरकवलं. मशीन धडाडायला लागलं.

"करा अप्पा."

करा म्हणे! अडुसष्ट वर्षांचा माणूस, निजून, काचेपल्याडच्या पोरीदेखत? पोट फुटायची पाळी आली, पण थेंब येईना. दहा मिनिटं गेली, वीस गेली. कपाळाला घाम फुटला.

नेत्रावतीनं मशीन थांबवलं. मनाची भली पोर. माईक चालूच होता, आणि तिचं बोलणं त्याच्या कानात पडलं, "भागम्मा, भाईर महानंदाबाईंना बोलव. घरच्या माणसाशी बोलले तर हुईल त्यांना."

दार उघडल्याचा आवाज आला. मग दवाखान्यातल्या आयाची, भागम्माची, खणखणीत हाक. "महानंदाबाई! ओ महानंदाबाई! कोण हाय महानंदाबाई?"

तीन वर्षांत ते नाव कुणी असं मोठ्यानं घेतलं नव्हतं. पुन्हा हाक आली, पुन्हा. निजल्या निजल्या त्याचे डोळे भरले आणि पाणी हेडफोनखाली कानात उतरलं.

"नगं गं बाई, हाका नगं मारू," तो म्हणाला. "ती न्हाई आली. ती न्हाईच आता. तीन वरसं झाली."

भागम्माच्या हाका थांबल्या, दार लागलं.

मग नेत्रावतीनं हळूच विचारलं, "घरी कधी असा वेळ लागला तर त्या काय करायच्या?"

"काय करनार? मोरीच्या भाईर हुभी राहायची. सारखी इचारायची, झालं का, झालं का. मी खेकसायचो तिच्यावर."

मशीन पुन्हा सुरू झालं. त्या धडधडीत कानाशी आवाज आला, "झालं का अप्पा?"

त्यानं डोळे मिटून घेतले.

"झालं का?"

"थांब की जरा!" तो खेकसला. आणि थेंब आला, मग धार. बारीक, तुटक, पण धार. कापड भिजत गेलं आणि म्हातारा लहान पोरागत हुंदके देत राहिला.

नळी पुन्हा बसवून झाल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. पांढरी रेघ खाली येत होती आणि एका गाठीपाशी दोऱ्याएवढी होत होती. "मूत्राशयात जोर हाय अजून. सोमवारी गाठ काढू, नळी जाईल. पण सही करायला घरचं माणूस पायजे."

चांदीची डबी मुठीत धरून गुरुबसव बाहेरच्या बाकावर बसला. सांज झाली, फोन वाजला.

"अप्पा, जेवलाव का? सोबत कोण हाय?"

माणिकरावाचं नाव जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"कुनी न्हाई गं पोरी," तो म्हणाला. "कुनीच न्हाई. तू येतीस का?"