ड्युरांटाचे पिवळे मणी

"ही काय लाइन आहे? परेडला उभी केल्यासारखी दिसली पाहिजे," गेटजवळच्या झुडपांच्या रांगेकडे बोट दाखवत सुभेदार म्हणाले. फौजेतून निवृत्त होऊन ते आमच्या साताऱ्याच्या कारखान्यात ॲडमिन बघत होते. परदेशी पाहुण्यांची भेट महिन्यावर आली होती. बागेचा सुपरवायझर मी.

पावसाळा सरताना फुलझाडं पावसानं झोडपलेली असतात. तेव्हा बागेला रंग द्यायचा तो पानांनी आणि फळांनी. म्हणून मी त्या रांगेत मागच्या बाजूला ड्युरांटा लावला होता. त्याला निळी फुलं येतात, मग पिवळ्या मण्यांचे घोस लोंबतात. दिसायला सोन्याचे, खायला विषारी. पुढे किरमिजी पानांचं कोलियस. हा बेत मी मॅनेजरसाहेबांना चित्र काढून दाखवला होता.

पण सुभेदारांपुढे माझी जीभ रेटली नाही. मी माळ्याला, बिरूला, कात्री चालवायला सांगितलं. बिरू आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. कंत्राटावर होता, दिवाळीत परमनंट व्हायचा होता.

"साहेब, आत्ता कातरी नगं. फुलोरा हाय. फूल गेलं तर मणी कुठनं येणार?"

"सांगितलं तेवढं कर."

त्यानं केलं. पाहुण्यांच्या दिवशी कोलियसमागे नुसती हिरवी भिंत उभी.

"मणी कुठायत?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"माळ्यानं न विचारता कापलं," मी म्हणालो. बिरू तिथंच पाइप धरून उभा होता. त्याचं कंत्राट संपवलं. अनुभवाच्या दाखल्यावर 'न विचारता काम करतो' हा शेरा मीच लिहिला.

याला नऊ वर्षं झाली. मी निवृत्त झालो. गेल्या महिन्यात बिरूच्या बायकोचा फोन आला. "आवं साहेब, तुमच्या त्या दाखल्यापायी सांगलीच्या कालिजात ह्यांना माळी म्हणून घेईनात."

दुसऱ्या दिवशी सकाळची सांगलीची एसटी धरली. गुडघा दुखत होता, पण पोस्टानं पाठवायचं हे काम नव्हतं. प्राचार्यांपुढे बसून नवा दाखला लिहिला: छाटणी माझ्या हुकमानं झाली, माळ्यानं विरोध केला होता, त्याचं बरोबर होतं.

"एवढ्या वर्षांनी का सांगताय?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा माझी नोकरी मला जास्त प्यारी होती."

बाहेर बाकावर बिरू बसला होता. केस पिकलेले. मी सगळं सांगितलं, माफी मागितली.

"लय उशीर केलासा, साहेब," तो म्हणाला. माफ केलं असं काही म्हणाला नाही. मीही आग्रह धरला नाही.

सोमवारी तो कामावर रुजू झाला. कंत्राटावरच. परमनंटचं वय निघून गेलं होतं, ते मला परत देता आलं नाही.

नवीन बागकाम करणाऱ्यांना एवढंच सांगतो. ड्युरांटा मणी गळून गेल्यावर छाटावा. आणि छाटायला कुणी सांगितलं, ते त्याच दिवशी वहीत सहीसकट लिहावं.