चौथा खांदा

कवठे येमाईत कुणी वारलं, तर ज्योतिबाच्या घरी निरोप जात नसे. गेला तरी तो येणार नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. तसा माणूस वाईट नव्हता. लग्नाला, जत्रेला, कुणाच्या विहिरीत पडलेली शेळी काढायला पहिला हजर. पण तिरडी म्हटली की गडी घरात जाऊन बसायचा. गावाने त्याला नावं ठेवली, आणि गावाचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. कारण काय, ते कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्र्याण्णव साली ज्योतिबा दौंड स्टेशनवर हमाली करायचा. बापाने मेंढरं विकून तुकडाभर जमीन घेतली होती, तिच्यात बाजरीसुद्धा धड यायची नाही. तिकडे किल्लारीचा भूकंप झाला आणि चार दिवसांनी दौंडला रेल्वेने मोठमोठ्या पेट्या उतरल्या. त्या घ्यायला पुण्याहून एक साहेब जीप घेऊन आले होते. मोठा भूकंप झाल्यावर जमीन पुढे महिनोन्‌महिने थोडी थोडी हलत राहते. ते हादरे मोजायला त्या भागात तात्पुरती यंत्रं बसवायची होती. पेटी आपटली की यंत्र गेलं. बाकीचे हमाल आपल्या नेहमीच्या पद्धतीने पेट्या फेकत होते. ज्योतिबाने मात्र आजारी कोकरू उचलावं तशी एकेक पेटी जीपमध्ये नेऊन ठेवली. साहेबांनी त्यालाही जीपमध्ये घातलं.

तिथे गेल्यावर ज्योतिबाने साहेबांना चाट पाडलं. या यंत्राला खाली पक्का खडक लागतो. साहेब नकाशे पसरून बसायचे, आणि ज्योतिबा लोखंडी मेख जमिनीत ठोकून नुसत्या आवाजावरून सांगायचा, "हितं न्हाई साहेब, खाली काळी माती हाय. त्या बांधापल्याड चला." बापाच्या हाताखाली मेंढरं कोंडायच्या जाळीच्या मेखा ठोकून ठोकून त्याचा कान तयार झाला होता. आठ यंत्रं बसली, आठही त्याने दाखवलेल्या जागी. साहेब खूश. म्हणाले, "आमच्या ऑफिसात कायमचा माणूस घ्यायचाय. तुझंच नाव लावतो. फक्त एवढं काम चोख कर." ज्योतिबाने कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं आणि बायकोला, रतनबाईला, कळवून टाकलं की आता हमाली संपली.

काम म्हणजे त्यातल्या एका यंत्राचा कागद बदलायचा. एका नळकांड्यावर काजळी धरून काळा केलेला कागद गुंडाळलेला असे आणि सुई त्यावर पांढरी रेघ ओढत जाई. चोवीस तासांनी, सकाळी आठच्या ठोक्याला, तो उतरवून नवा चढवायचा. उशीर झाला की सुई जुन्याच रेघांवरून पुन्हा फिरणार आणि सगळा काला होणार. दीड महिना ज्योतिबाने एकदाही वेळ चुकवली नाही.

मग एका सकाळी यंत्राशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारा वारला. त्याची तिन्ही मुलं ढिगाऱ्याखाली गेली होती. शेडमधले बाकीचे पुरुष तालुक्याला धान्य आणायला गेलेले. मागे उरले तिघे. म्हाताऱ्याची बायको पुतळाबाई ज्योतिबासमोर येऊन उभी राहिली. "दादा, चौथा खांदा न्हाई रं."

साडेसात वाजले होते. ज्योतिबाने एकदा यंत्राकडे पाहिलं आणि गेला. खांदा मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. नदीवर ओली लाकडं पेटेनात. अर्धवट जळतं मढं टाकून उठायचं नसतं. दहाच्या सुमारास तिथेच पायाखालची जमीन जोरात हलली. तो परत आला तेव्हा दुपार झाली होती आणि कागदावर रेघांवर रेघा चढल्या होत्या.

"दीड महिन्यातला सगळ्यात मोठा हादरा, आणि नेमकी या यंत्रावर त्याची नोंद नाही!" साहेब ओरडले. त्यांनी अहवालात लिहिलं, 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे नोंद गेली.' ज्योतिबाने खाली अंगठा उठवला. चूक आपलीच, असं त्याला मनापासून वाटत होतं. दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवलं.

पुढे तो पाटसच्या साखर कारखान्यावर सीझनला लागला. अठ्ठ्याण्णव साली ऐन गाळपात त्याचे चुलते सोपानराव गेले. ज्योतिबाचं लग्न त्यांनीच उभं राहून लावलेलं. रतनबाई स्वतः एसटीने गेटवर आली.

"आवं, आबा गेलं. चला."

"पाळी सुटल्यावर येतो."

"तवर ठेवत्यात व्हय?"

"एकदा खांदा देऊन बघितलाय म्या," ज्योतिबा म्हणाला आणि आत निघून गेला.

सोपानरावांचा मुलगा त्याच्याशी पुन्हा बोलला नाही. त्याच साली ज्योतिबा कारखान्यात कायम झाला. त्याने वाटलेले पेढे भावकीत कुणी हातात धरले नाहीत.

दोन हजार एक साली कच्छला भूकंप झाला आणि पंधरवड्यात कवठ्यात जीप आली. साहेबांचे केस पिकले होते. "आता कागद नाही, काजळी नाही, सगळं पेटीतच उमटतं," ते खाटेवर बसत म्हणाले. "पण खडक ओळखणारा तुझ्यासारखा माणूस काही पुन्हा मिळाला नाही. चल."

ज्योतिबाने मान खाली घातली. "साहेब, माझ्या हातनं तुमचा कागद गेला. अजून मनाला खातंय."

साहेब हसले. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "अरे, कसला कागद! त्या यंत्राचं वेळेच्या खुणा उमटवणारं घड्याळ दोन दिवस आधीच बंद पडलं होतं. बॅटरी बदलायची माझ्याकडून राहिली. हादरा किती वाजता आला तेच कळत नाही म्हटल्यावर तू आठला कागद बदलला असतास तरी तो रद्दीतच जाणार होता. वरिष्ठांना काहीतरी कारण द्यावं लागतं रे. मनावर घेऊ नकोस."

एवढं शिकलेला माणूस, आणि हे सांगताना त्याची बशीसुद्धा हलली नाही.

"तुमी जावा साहेब," ज्योतिबा म्हणाला.

"अरे, पण येतोस ना?"

"जावा म्हनलं न्हवं."

जीप गेल्यावर रतनबाई दारातून कडाडली, "चार शिव्या तरी हासडायच्या!"

"शिव्या दिऊन आबांना खांदा दिल्यासारखं हुतंय का?" ज्योतिबा म्हणाला. त्याने पायात वहाणा घातल्या आणि तो सोपानरावांच्या घराकडे निघाला. चुलतभाऊ ओट्यावरच बसला होता. त्याने ज्योतिबाला येताना पाहिलं, उठला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.